सहा महिने गाडी उभी ठेवताय? सोलापूरच्या उन्हाला धरून तयारी करा

संक्रांतीची गड्ड्याची यात्रा आटोपली की जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीत तिकिटांच्या गप्पा सुरू होतात. कुणाचा मुलगा न्यू जर्सीला, कुणाची मुलगी टेक्सासला. मार्चअखेरीला निघायचं आणि दिवाळीच्या आत परतायचं, असा साधारण बेत असतो. शेंगाचटणी किती किलो न्यायची, कडक भाकरी बॅगेत मोडतील का, यावर महिनाभर खल चालतो. गाडीचा विचार मात्र निघायच्या आदल्या रात्री, तोही ‘कव्हर टाकलंय की’ एवढाच.

मीही तेच केलं होतं. पाच महिन्यांनी परत आलो तर बॅटरी ठार, मागची दोन्ही चाकं जाम, आणि बॉनेट उघडल्यावर बॅटरीच्या शेजारी उंदरानं थाटलेलं घर. बॉनेटच्या अस्तराचा कापूस, शेंगांची टरफलं आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा लाल तुकडा, असं मऊशार केलेलं. मेकॅनिक मागच्या चाकापाशी उकिडवा बसला, ड्रमवर हातोडीचे दोन ठोके मारले आणि म्हणाला, ‘काय ओ काका, ओली गाडी लावून हँडब्रेक ओढून गेलता व्हय?’ अगदी तसंच केलं होतं. निघायच्या दिवशी सकाळी गाडी धुतली, जागेवर लावली, करकचून हँडब्रेक ओढला आणि वर कव्हर घातलं. सगळं नीट केल्याच्या समाधानात विमानात बसलो होतो.

तेव्हापासून कॉलनीतल्या पाच-सहा गाड्यांची तयारी मीच उभा राहून करून घेतो. पहिल्यांदाच गाडी मागे ठेवून जाणाऱ्यांसाठी ती सगळी इथे लिहून ठेवतोय. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ बर्फाच्या मुलखातले असतात. पाणी गोठू नये, रस्त्यावरच्या मिठाचा गंज लागू नये, ही त्यांची काळजी. आपली गाडी उभी राहते ती एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणजे ४२-४४ अंशांचा मे, मग वळवाचे वारे, धुळीचे लोट आणि शेवटी सप्टेंबरचा पाऊस. आपली काळजी ऊन, धूळ आणि उंदरांची.

आधी माणूस शोधा

सगळ्यात पहिला प्रश्न: तुम्ही नसताना गाडी फिरवणारा भरवशाचा माणूस आहे का? पुढची निम्मी तयारी या एका उत्तरावर ठरते.

असेल, तर त्यानं पंधरा दिवसांतून एकदा गाडी किमान अर्धा तास, वीस-पंचवीस किलोमीटर तरी पळवायला हवी. मी सांगतो, तुळजापूरला जाऊन या. जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर होतात, इंजिन पुरतं तापतं, बॅटरी भरते, टायर फिरतात, आणि देवीच्या दर्शनाला नाही म्हणणारा माणूस सोलापुरात सहसा मिळत नाही. वाटेत दहा मिनिटं एसी लावायला सांगा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या आतल्या सिलांना तेल मिळत राहतं. त्याच्याकडे लायसन्स आहे ना, हे मात्र पाहून घ्या, आणि आरसी, विमा, पीयूसीच्या प्रती गाडीत ठेवा. असा माणूस असेल तर बॅटरी काढणं, सायलेन्सर बुजवणं वगैरे खाली जे सांगितलंय ते करू नका. स्वच्छता, जागा, कव्हर, उंदीर आणि कागदपत्रं एवढंच पाहा.

माणूस नसेल तर गाडी पूर्ण झोपवायची. मधला मार्ग धरू नका. तो मधला मार्ग म्हणजे शेजारच्यांना किल्ली देऊन ‘रविवारी जरा पाच मिनिटं चालू करून बंद करत जा’ असं सांगणं. शेजारी प्रेमानं करतातही. पण स्टार्टरनं बॅटरीतून जेवढं ओढलं तेवढंसुद्धा पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये धड भरून निघत नाही. पेट्रोल जळताना जे पाणी तयार होतं ते सायलेन्सर तापलेला नसल्यामुळे आतच साचतं आणि सायलेन्सर आतून गंजतो. इंजिन ऑइलही नीट तापत नाही, त्यात ओल आणि न जळलेलं पेट्रोल मिसळत राहतं. नव्या बीएस ६ डिझेल गाडीत धूर गाळणारा फिल्टर अशा अर्धवट चालण्यानं चोंदतो, ते वेगळंच. शेजाऱ्यांना दुसरं काम द्या. आठवड्यातून एकदा गाडीभोवती चक्कर मारून कव्हर फाटलंय का, टायर बसलाय का, एवढं बघायला सांगा. तेही पुष्कळ आहे.

जागा

बंदिस्त गॅरेज असेल तर प्रश्नच मिटला. इमारतीखालचं पार्किंगही चांगलं, फक्त दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन कुठल्या खांबापर्यंत येतं ते एकदा बघून ठेवा. चार फूट आत लावली तर सहा महिन्यांचं ऊन वाचतं.

मोकळ्या प्लॉटवर लावायची वेळ आली तर खालची माती बघा. आपल्या भागातली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी टणक असते, आणि ती भिजली की गाडी तिच्यात हळूहळू रुतते. वर खालून सतत ओल. पुढच्या गल्लीतली एक गाडी ऑक्टोबरात ट्रॅक्टर लावून काढावी लागली. प्लॉटवरच ठेवायची असेल तर खाली मुरूम टाकून घ्या किंवा चारही चाकांखाली फरशीचे तुकडे घाला. सखल जागा तर नकोच. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुरानं जिल्ह्यात काय केलं ते आपण पाहिलंय. नदी लांब असली तरी नाल्याकाठच्या वस्त्यांत पाणी शिरतंच.

कडुनिंबाची सावली सगळ्यांना हवीशी वाटते. मे-जूनमध्ये लिंबोळ्या पिकून पडतात, टपावर फुटतात, त्यांचा चिकट गर उन्हात वाळून रंगाला धरतो. लिंबोळ्या खायला पक्षी येतात आणि त्यांची विष्ठा रंगासाठी त्याहून वाईट. झाडाखाली लावायचीच तर चांगलं कव्हर हवं. रस्त्याच्या कडेला मात्र महिनोन्‌महिने गाडी सोडू नका, ती बेवारस समजली जाते.

पंधरा दिवस आधी: मेकॅनिककडे एक फेरी

सर्व्हिसिंग जवळ आलं असेल तर जाण्याआधीच करून घ्या, ‘परत आल्यावर बघू’ नको. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल साठलेली असते. ते सहा महिने बेअरिंगांना चिकटून राहण्यापेक्षा ताजं ऑइल राहिलेलं बरं.

रेडिएटरमध्ये काय आहे, हे विचाराच. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की नळाचं नाहीतर बोअरचं पाणी ओतायची आपल्याकडे सवय आहे. बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, आणि गाडी उभी असताना गंजही तिथूनच धरतो. पाणी काढून कंपनीनं सांगितलेलं कूलंट भरून घ्या. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर तेही बदला, कारण ते हवेतली ओल शोषतं आणि त्यानं ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. डिझेल गाडी असेल तर फ्युएल फिल्टरमधलं साचलेलं पाणी सोडून द्यायला सांगा.

धुणं, तेही दोन दिवस आधी

आपल्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे गाडी धुण्याचा दिवस पाण्याच्या दिवशी धरा. बोअरच्या पाण्यानं धुतली तर लगेच कोरड्या फडक्यानं पुसा. उन्हात तशीच वाळली की पांढरे ठिपके उठतात, आणि सहा महिन्यांनी ते नुसत्या पुसण्यानं निघत नाहीत. मडगार्डच्या आतली, चाकांच्या वरची माती पाण्याचा जोर लावून काढा, कारण ओल तिथेच धरून राहते. नंतर एक हात वॅक्स पॉलिश. दाराच्या रबरांना सिलिकॉन स्प्रे मारा, नसेल तर कोरडं करून टाल्कम पावडर चोळा, नाहीतर मे महिन्यात रबर दाराला असं चिकटतं की उघडताना सालपटासारखं निघतं.

धुतल्यावर गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा आणि वाटेत चार-सहा वेळा ब्रेक दाबा. ब्रेकचे ड्रम आणि डिस्क तापून कोरडे व्हायला हवेत. माझी चाकं याच एका चुकीनं जाम झाली. ओल्या ड्रमला ब्रेकशू टेकलेला राहिला आणि दोघं गंजानं एकमेकांना धरून बसले.

आतली साफसफाई

सीटच्या फटी व्हॅक्यूम करा. आपण गाडीत काय काय खातो ते व्हॅक्यूमच्या पिशवीत दिसतं: चिवडा, शेंगदाणे, कडक भाकरीचा चुरा. उंदराला आणि मुंग्यांना एवढं आमंत्रण पुरतं. डॅशबोर्डवरचा गणपती राहू द्या, त्याच्यापुढचा पेढा काढा.

उन्हात बंद गाडी आतून साठ अंशांवर जाते. म्हणून परफ्यूमचा स्प्रे, सॅनिटायझर, लायटर, पॉवर बँक, थंड पेयाची बाटली यातलं काहीही आत राहता कामा नये. डॅशकॅम आणि चार्जर काढून घरात ठेवा. डॅशबोर्डवर आणि स्टिअरिंगवर जुने पांढरे टॉवेल अंथरा. सोलापुरात टॉवेलला काय तोटा! पुढच्या काचेला आतून सनशेड लावा. चामड्यासारखी सीट कव्हरं असतील तर त्यांच्यावरही टॉवेल टाका.

काचा पूर्ण बंद ठेवा. हवा खेळावी म्हणून बोटभर फट ठेवा, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. इथे त्या फटीतून हवेबरोबर धूळ येते, आणि पुढे पावसाचं पाणी. एसीचं बटण मात्र ‘आतली हवा आत’ या खुणेवर ठेवूनच गाडी बंद करा. बाहेरच्या हवेचा मार्ग वायपरखालच्या जाळीतून येतो, आणि उंदराला तो अगदी सोयीचा पडतो. केबिन फिल्टरचा चुरा करून तो ब्लोअरमध्ये घर करतो आणि तुम्हाला ते पहिल्यांदा एसी लावल्यावर वासानं कळतं.

पेट्रोल किती ठेवायचं

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल ओल शोषून घेतं. टाकी अर्धी रिकामी असेल तर वरच्या रिकाम्या जागेतली दमट हवा त्याला आयती मिळते, आणि ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं. इंजिनाला पेट्रोल जातं ते तळातूनच. म्हणून निघायच्या आठवड्यात टाकी भरून घ्या, पण पंपावरच्या नळीनं आपोआप ‘टक्‌’ केलं की थांबा. ‘अजून पन्नासचं टाक’ म्हणून गळ्यापर्यंत भरायची सवय उन्हाळ्यात महागात पडते. पेट्रोल तापून फुगतं, त्याला जागा लागते. फ्युएल स्टॅबिलायझर नावाचं औषध मिळतं, ते टाकलं तर मग थोडी गाडी चालवा, म्हणजे ते पुढे इंजिनापर्यंत पोचेल.

सहा महिन्यांपर्यंत भरलेली टाकी चालून जाते. वर्षभर जाणार असाल तर मी उलटं सांगेन: पाव टाकी ठेवा आणि आल्यावर ताजं पेट्रोल भरून जुनं पातळ करा.

सीएनजी असेल तर जाण्याआधी एक-दोन दिवस गाडी पेट्रोलवर चालवा, मग सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा. दर तीन वर्षांनी होणाऱ्या सिलिंडर तपासणीची तारीख मधल्या काळात येत नाही ना, तेही पाटीवर बघा. इलेक्ट्रिक गाडीला पेट्रोलची कटकट नाही. तिची मोठी बॅटरी भरगच्च किंवा रिकामी न ठेवता निम्म्याच्या आसपास ठेवतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. आत छोटी १२ व्होल्टची बॅटरी तिच्यातही असते, आणि तीही उतरते.

टायर आणि हँडब्रेक

एकाच जागी उभ्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो, उन्हानं तापलेल्या फरशीवर जरा जास्तच. त्यासाठी हवा वाढवून ठेवा. नेहमी ३३ पॉइंट (पीएसआय) भरत असाल तर ३८ ते ४०, मात्र टायरच्या बाजूवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. उभ्या गाडीतूनही महिन्याला एक-दोन पॉइंट हवा कमी होतच असते, त्यामुळे सहा महिन्यांत हिशेब बरोबर जुळतो. गाडी फिरवणारा माणूस असेल तर जास्तीची हवा नको, नेहमीचीच ठेवा.

काही जण गाडी विटांवर चढवून ठेवतात. हे अजिबात करू नका. वीट कधी फुटेल सांगता येत नाही, आणि चाकं अधांतरी लोंबकळत ठेवणं सस्पेन्शनच्या रबरांनाही चांगलं नाही.

हँडब्रेक सोडून ठेवा. गाडी पहिल्या गिअरमध्ये घाला (ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये) आणि दोन चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. उतारावर असाल तर आधी सपाट जागा शोधा. ठोकळा म्हणून गोल दगड घेऊ नका, तो सरकतो.

वायपर काचेपासून उचलून ठेवा किंवा पात्याखाली फडकं घाला. रबर उन्हानं काचेला चिकटतं.

बॅटरी

गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म थोडी थोडी वीज खात असतात. धडधाकट गाडीत ही गळती २० ते ५० मिलिअँपिअर असते. पन्नास धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर. छोट्या गाडीची बॅटरी ३५ची. म्हणजे महिन्याभरात ती कागदावर शून्यावर येते, आणि गाडी चालू न होण्याइतकी तर त्याच्या बरीच आधी. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या शिशाच्या प्लेटांवर कडक थर चढतो, मग ती चार्ज करूनही उठत नाही. त्यात आपल्या उन्हात बॅटरी आपली आपणही लवकर उतरते.

म्हणून तारा सोडवायच्या. इंजिन बंद, किल्ली बाहेर. बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो. आधी उणे खुणेची, म्हणजे काळी वायर काढा, मग लाल. जोडताना उलटं: आधी लाल, शेवटी काळी. हा क्रम लक्षात ठेवायचं कारण साधं आहे. काळी अजून जोडलेली असताना लाल सोडवायला गेलात आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर ठिणगी उडते आणि हात भाजतो.

नुसती काळी वायर काढून फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली तरी गळती थांबते. तीन महिन्यांसाठी तेवढं बस्स. त्याहून जास्त काळ असेल तर बॅटरी काढून घरात, सावलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, आणि घराची किल्ली असलेल्या माणसाला दीड-दोन महिन्यांनी ती बॅटरीवाल्याकडे चार्ज करून आणायला सांगा. पूर्ण भरलेली बॅटरी मीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४च्या खाली आली की चार्जिंगला न्यायची. १२च्या खाली म्हणजे ती जवळजवळ रिकामी. मीटर दोन-चारशे रुपयांत मिळतो, घरात असावा. घरीच चार्जर लावणार असाल तर मोकळ्या हवेत लावा, चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो.

एक गोष्ट आधी करून बघा. वायर काढली की रिमोट चालत नाही. दार किल्लीनं उघडता आलं पाहिजे. बटणाच्या गाड्यांत ती किल्ली रिमोटच्या पोटात लपलेली असते, आणि पुष्कळांना ती असते हेच ठाऊक नसतं. डिकी विजेवर उघडणारी असेल तर डिकीत काही विसरू नका.

उंदीर

यावर मी सगळ्यात जास्त पैसे घालवलेत, म्हणून जरा सविस्तर.

उंदराला अंधार, ऊब आणि मऊ सामान हवं असतं. बॉनेटखाली तिन्ही मिळतं. एक वायर कुरतडली तर जोडता येते, पण अख्खी हार्नेस, म्हणजे वायरींचा पूर्ण जुडगाच बदलायची वेळ आली की खर्च वीस-तीस हजारांच्या घरात जातो. आधी आसपास बघा. आमच्या पार्किंगमध्ये मंगळवेढ्याहून आलेली ज्वारीची पोती रचलेली असायची. पोती हलवली तेव्हा निम्मे उंदीर गेले. कचऱ्याचा डबा, कबुतरांना टाकलेले दाणे, रद्दीचे गठ्ठे, सगळं गाडीपासून लांब न्या.

मग वाटा बंद करा. वायपरखालच्या जाळीवर बारीक तारेची जाळी बसवून घ्या, मेकॅनिक अर्ध्या तासात बसवतो. एअर फिल्टरच्या हवेच्या तोंडात आणि सायलेन्सरच्या टोकात भांडी घासायची तारेची घासणी कोंबा. आणि ती कोंबल्याची चिठ्ठी लाल दोऱ्यानं स्टिअरिंगला बांधा. ही चिठ्ठी विसरू नका. परत आल्यावर जेट लॅगमध्ये काहीही आठवत नाही.

तंबाखूचं विचाराल. सोलापूर विड्यांचं गाव, तंबाखूला तोटा नाही. बॉनेटखाली तंबाखूची पुरचुंडी ठेवायचा उपाय इथे प्रत्येक जण सांगतो. माझा अनुभव असा की वास आहे तोवर, म्हणजे दोन-तीन आठवडे, उपयोग होतो. कोणी दर महिन्याला बदलणारं असेल तर ठेवा, पण पट्ट्यांपासून, पंख्यापासून आणि सायलेन्सरच्या पाइपपासून लांब, आणि पुरचुंड्या किती ते चिठ्ठीत लिहा. डांबराच्या गोळ्या गाडीच्या आत ठेवू नका, तो वास पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जात नाही. विष तर मुळीच नको. विष खाल्लेला उंदीर मरायला गाडीतच जातो, आणि डॅशबोर्डच्या मागे मेला तर पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. त्यापेक्षा गाडीच्या दोन बाजूंना पिंजरे लावा आणि ते बघायचं काम वॉचमनकाकांना द्या.

गॅरेजला कुलूप असेल तर बॉनेट अर्धवट उघडं टेकवून ठेवायचा उपाय मला सगळ्यात पटलाय. आत उजेड आला की उंदराला तिथे घर करावंसं वाटत नाही.

कव्हर

हवा खेळणारं कापडी कव्हर घ्या, खालून पट्ट्यानं बांधता येणारं. प्लास्टिक किंवा ताडपत्री सरळ रंगावर टाकली की आत घाम धरतो आणि रंगाला फोड येतात. आणखी एक: घरात जुनी सोलापुरी चादर असते, ती टाकायचा मोह होतो. चादर दणकट असली तरी ती पहिल्या वळवात भिजते, जड होते, धूळ धरून टपावर बसते आणि चार दिवस वाळत नाही. चादर अंथरुणावरच बरी.

धुळीच्या गाडीवर कव्हर घालू नका. वाऱ्यानं कव्हर हलतं, मधली धूळ पॉलिशपेपरसारखी घासते. उघड्यावर असेल तर दोऱ्या घट्ट बांधा. मे महिन्यातला संध्याकाळचा वारा सैल कव्हर उडवून पलीकडच्या गल्लीत नेतो.

कागद

विम्याची तारीख बघा. तुम्ही नसताना संपत असेल तर आधीच नूतनीकरण करा. संपून ९० दिवस झाले की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाते. शिवाय उभ्या गाडीलाही आग, चोरी, पूर हे धोके आहेतच, त्यामुळे ‘गाडी चालतच नाही तर विमा कशाला’ हा हिशेब चुकीचा आहे. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर या तिन्हींत काहीच मिळत नाही. पीयूसीची मुदत, १५ वर्षं पूर्ण होत असतील तर आरसीचं नूतनीकरण, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर एचएसआरपी नंबर प्लेट, एवढं एका कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा.

परत आल्यावर

पहिल्या दिवशी गाडीला हात लावू नका, आधी झोप काढा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात कव्हर काढा आणि स्टिअरिंगची चिठ्ठी वाचा. घासण्या, पुरचुंड्या, फडकी मोजून बाहेर. गाडीखाली वाकून बघा, तेलाचे किंवा पाण्याचे डाग आहेत का. बॉनेट उघडून वायरी टॉर्चच्या उजेडात निरखा. ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल यांच्या खुणा बघा. गाडीत पाणी शिरल्याची शंका आली, तर किल्ली न फिरवता सरळ टोइंग बोलवा.

बॅटरी चार्ज करून मगच जोडा, आधी लाल, मग काळी. घड्याळ, रेडिओ आणि काही गाड्यांत काचेचं ऑटो बटण नव्यानं लावावं लागतं, तो बिघाड समजू नका. किल्ली फिरवून टाकीतल्या फ्युएल पंपाचा बारीक ‘ऊंऽऽ’ आवाज थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबा, मग स्टार्ट. रेस देऊ नका. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला की मिनिटभर तशीच चालू द्या. नाही विझला तर लगेच बंद.

जागेवरून निघताना पहिल्यांदा ब्रेक दाबून बघा, मगच गेटबाहेर. डिस्कवर गंजाची पिवळसर पापुद्र्यासारखी छटा असते, पहिल्या पाच-सहा ब्रेकला खरखर होते आणि मग जाते. चाक हललंच नाही तर रेस देऊन ओढू नका, मेकॅनिकला बोलवा. हवेच्या दुकानापर्यंत हळू जा आणि टायर नेहमीच्या आकड्यावर आणा.

नंतर विजापूर रोडला तीस-एक किलोमीटर फिरवून आणा. सुरुवातीला स्टिअरिंगमध्ये धडधड जाणवेल, ती टायर चपटे झाल्याची. टायर तापले की बहुधा गोल होतात. एवढ्या फेरीनंतरही धडधड राहिली तर टायरवाल्याकडे जाऊन चारही टायर उतरवून आतून-बाहेरून बघून घ्या, आणि तोवर पुण्याच्या रस्त्याला लागू नका.